ॲनेस्थेशिया टेक्निशियन ते भूलतज्ज्ञ: वाट कुठून जाते आणि कुठे अडते

बारावीचे निकाल लागले की एक प्रश्न हमखास येतो: ‘आत्ता टेक्निशियन म्हणून लागलो, तर पुढे अनुभवावर भूलतज्ज्ञ होता येईल का?’

नाही. भारतात अनुभवावर, बढतीवर किंवा कुठल्याही ब्रिज कोर्सवर टेक्निशियनचा भूलतज्ज्ञ होत नाही. भूलतज्ज्ञ आधी एमबीबीएस होतो आणि मग भूलशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीए असं पदव्युत्तर शिक्षण घेतो. तुमच्या टेक्निशियनच्या पदवीमुळे एमबीबीएसमध्ये एका विषयाचीही सूट मिळत नाही. परत ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, परत पहिलं वर्ष, परत ॲनाटॉमी.

मी आधी टेक्निशियन होते आणि आज भूलशास्त्र विभागात रेसिडेंट, म्हणजे एमडी करणारी डॉक्टर आहे. वाट बंद नाही, पण ती ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) आतून जात नाही. बाहेर येऊन दुसऱ्या दारातून परत आत शिरावं लागतं. त्याची तयारी कशी करायची आणि कुठे फसायला होतं, ते क्रमाने सांगते.

१. दोन कामांतला फरक आधी समजून घ्या

टेबलाच्या डोक्याकडे, ज्याला ओटीत सगळे ‘हेड एंड’ म्हणतात, तिथे दोन माणसं उभी असतात, भूलतज्ज्ञ आणि टेक्निशियन. लांबून बघणाऱ्याला दोघांचं काम सारखंच वाटतं.

सिझेरियनची केस घ्या. स्पायनल (पाठीत सुई टोचून द्यायची भूल) देऊन झालं, पेशंटला सरळ झोपवलं आणि दोन-तीन मिनिटांत बीपी ७० वर आलं. ती म्हणतेय, मळमळतंय. टेक्निशियनचा हात आपोआप मेफेंटरमिनच्या, म्हणजे बीपी वाढवणाऱ्या औषधाच्या सिरिंजकडे जातो, आणि टेक्निशियन चांगला असेल तर ती सिरिंज लेबल लावून आधीच तयार असते. पण भूलतज्ज्ञ मॅडम आधी पल्स बघतात. पल्स ११० असेल तर फिनाइलेफ्रिन मागतात, ते पल्स न वाढवता बीपी वाढवतं. ५० असेल तर मेफेंटरमिन किंवा पल्स वाढवणारं ॲट्रोपिन. टेबल डावीकडे अजून कलवायला सांगतात, कारण गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडलेला असतो. आणि पडद्यापलीकडे रक्त जास्त जातंय असं दिसलं, तर तिसराच विचार सुरू होतो. बीपी तेच ७०, निर्णय मात्र वेगवेगळे.

सिरिंज तयार असणं हे टेक्निशियनचं काम. कुठली, किती आणि का, हे भूलतज्ज्ञाचं. हात ओटीत शिकून तयार होतो, पण हा निर्णय नुसतं बघून येत नाही. त्याच्यामागे फिजिऑलॉजी, फार्माकोलॉजी, मेडिसिन असं सगळं असतं. तुम्हाला यातलं नेमकं कुठलं काम ओढतंय, ते स्वतःला विचारा. मशीन, तयारी, शिस्तीत चाललेली ऑपरेशनची लिस्ट हे आवडत असेल तर टेक्निशियन ही स्वतंत्र, मानाची नोकरी आहे. तिला कुठल्या जिन्याची पायरी मानायची गरज नाही.

२. कोर्स कुठला करायचा

महाराष्ट्रात सरळ रस्ता म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी), ॲनेस्थेशिया शाखा. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर इंटर्नशिप. बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं तर दुसरीकडे बघूच नका. फी कमी असते हा एक भाग, पण खरं कारण वेगळं आहे: तिथे तुम्हाला ट्रॉमा, लहान मुलं, न्यूरो, सिझेरियन अशा सगळ्या केसेस बघायला मिळतात. छोट्या हॉस्पिटलला जोडलेल्या कॉलेजात तीन वर्षं हर्निया आणि अपेंडिक्सच बघत बसाल.

इथला सापळा म्हणजे सहा महिन्यांचे आणि वर्षभराचे ‘ओटी-ॲनेस्थेशिया डिप्लोमा’. नाव भारदस्त असतं, सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का असतो आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असं बॅनरवर लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: विद्यापीठ कुठलं, ते कोर्सला मान्यता देतं का, आणि या कोर्सवर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का. राज्यात परावैद्यक परिषदेचा कायदा २०११ चा आहे. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राचाही कायदा आला आणि ॲनेस्थेशियाशी संबंधित तंत्रज्ञ त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे नोंदणीचं महत्त्व वाढतच जाणार. तिसऱ्या प्रश्नाला ‘होईल हो, सगळ्यांची होते’ असं उत्तर आलं तर तिथून उठा.

३. ओटीतले सुरुवातीचे महिने

पुढे डॉक्टर व्हायचं असो वा नसो, हे दिवस वाया घालवू नका. आज एमडी करताना मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो तेव्हाच्या सकाळच्या मशीन चेकचा.

पहिली केस आत येण्याआधी:

पाइपलाइनचा प्रेशर गेज बघा, ऑक्सिजन साधारण ४ बार हवा. मग पाइपलाइन काढून मशीनवरचा राखीव सिलिंडर उघडा. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर २००० पीएसआयच्या आसपास दाखवतो. बघून झालं की सिलिंडर बंद करून पाइपलाइन परत जोडा. सिलिंडर उघडाच राहिला तर नकळत रिकामा होतो, आणि ते कळतं नेमकं गरजेच्या वेळी.

नायट्रसच्या (भुलीसाठी वापरायच्या नायट्रस ऑक्साइड वायूच्या) गेजवर विश्वास ठेवू नका. सिलिंडरमध्ये नायट्रस द्रवरूपात असतो, त्यामुळे शेवटचा द्रव संपेपर्यंत काटा ७५० पीएसआयवरच राहतो आणि मग झपकन खाली येतो. किती उरलाय ते वजनावरूनच कळतं.

सोडालाइमचा (पेशंटच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा) रंग रात्रीच बघा. दिवसभर वापरून जांभळा झालेला सोडालाइम रात्रभर पडून राहिला की सकाळी परत पांढरा दिसू शकतो. तो ताजा झालेला नसतो, नुसता रंग उडालेला असतो. संध्याकाळी शेवटची केस संपल्यावर डब्याच्या काचेतून बघायचं आणि बदलल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहायची.

लीक टेस्ट करताना एपीएल व्हॉल्व्ह (जादा प्रेशर बाहेर सोडणारी झडप) बंद करा, सर्किटचं, म्हणजे पेशंटला जोडायच्या नळ्यांचं तोंड अंगठ्याने दाबा, पाण्याच्या ३० सेंटिमीटरपर्यंत प्रेशर भरा आणि ते टिकतंय का बघा. अंगठा दाबायचा कंटाळा करणारे टेक्निशियन मी पाहिलेत. मॉनिटर ‘पास’ म्हणाला की झालं, असं त्यांना वाटतं.

सक्शन चालू करून बघा, आणि नळी उशीखाली उजव्या हाताला येईल अशी ठेवा. लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लावून बघा, दोन ब्लेड हवेत. श्वासनलिकेत घालायच्या ट्यूबचा कफ, म्हणजे तिच्यावरचा फुगा, दहा एमएलच्या सिरिंजने फुगवून बघा. बाईसाठी ७ किंवा ७.५ नंबरची, पुरुषासाठी ८ किंवा ८.५, आणि जी काढली तिच्याहून अर्ध्या नंबरने लहान एक शेजारी. मुलांसाठी बिनकफची ट्यूब असेल तर वयाला ४ ने भागा आणि ४ मिळवा. बूजी (ट्यूब आत न्यायला मदत करणारी लवचीक कांडी) कपाटात नको, ट्रॉलीवर हवी. आणि ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हाताशी. मशीन, वीज, ऑक्सिजन सगळं एकदम गेलं तरी ॲम्बू चालते.

लेबलांची सवय पहिल्याच दिवसापासून लावा. भूल चढवणारी औषधं पिवळं लेबल, फेंटानिलसारखी तीव्र वेदनाशामकं निळं, स्नायू शिथिल करणारी लाल, बीपी वाढवणारी जांभळं, ॲट्रोपिन-ग्लायकोपायरोलेट हिरवं. औषध भरण्याआधी लेबल लावून ठेवू नका आणि भरल्यावर बिनलेबलाची सिरिंज ट्रेमध्ये ठेवू नका. फेंटानिलच्या रिकाम्या ॲम्प्यूल मोजून, रजिस्टरवर सही घेऊनच द्यायच्या. सिस्टरशी या एका गोष्टीवरून भांडण होऊ देऊ नका, नियम त्यांच्या बाजूने आहे.

केस चालू असताना ‘का’ विचारू नका. पेशंट रिकव्हरीत सोडला, चहा आला, की विचारा. बहुतेक सर-मॅडम आनंदाने सांगतात. मी एक छोटी वही ठेवत असे: डाव्या पानावर काय केलं, उजव्या पानावर का केलं. उजवी पानं बरेच दिवस कोरीच राहतात. ती भरायची ओढ लागली, तर पाचवा मुद्दा नीट वाचा.

४. सिरिंज तुमच्या हातात देणारे भेटतील

हा सगळ्यात मोठा धोका आहे. तो सांगणारे लोक कमी आणि त्यात ढकलणारे जास्त.

तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ एक आणि नर्सिंग होम पाच, असं चित्र असतं. सर येतात, पेशंटला भूल देतात, आणि दुसऱ्या हॉस्पिटलचा फोन आला की म्हणतात, ‘तू आहेस ना? अर्ध्या तासात येतो, काही वाटलं तर फोन कर.’ सुरुवातीला छाती फुगते. पुढे एखादा सर्जन म्हणतो, ‘लहानशीच केस आहे, केटामिन तूच दे.’ केटामिन म्हणजे भुलीचंच औषध. वर पैसेही देतो.

देऊ नका. महाराष्ट्रात नोंदणीकृत डॉक्टर नसताना वैद्यकीय व्यवसाय करण्याला १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाने बंदी आहे. आणि पेशंट दगावला तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ वाचा. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसं झालं तर दोन वर्षांपर्यंत. म्हणजे त्याच टेबलावर, त्याच चुकीला, डॉक्टरपेक्षा तुम्हाला जास्त. सर्जन तेव्हा ‘मी भूल द्यायला सांगितलंच नव्हतं’ म्हणेल, आणि भूलतज्ज्ञाची सही तर कागदावर असेलच.

नकार कसा द्यायचा, हा खरा प्रश्न. ‘मला येत नाही’ म्हणू नका, मग ते शिकवायला बसतात. ‘सर, तुम्ही आलात की केस आत घेऊ, तोवर सगळं तयार ठेवते’ एवढं म्हणा आणि पेशंटला बाहेरच थांबवा. दोन-तीनदा असं झालं की विचारायचं बंद होतं. नाही झालं तर नोकरी बदला. टेक्निशियनला नोकरी मिळते.

आणखी एक. सरकारला खेड्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांची कमतरता जाणवली, तेव्हा ग्रामीण आरोग्य अभियानात तातडीच्या बाळंतपणांसाठी १८ आठवड्यांचं खास भूल-प्रशिक्षण काढलं गेलं. ते दिलं एमबीबीएस डॉक्टरांना. टंचाईतसुद्धा दार टेक्निशियनसाठी उघडलं नाही, हे लक्षात घ्या. त्यामुळे ‘नवीन कायदा येतोय, टेक्निशियनला परवानगी मिळणार’ अशी अफवा कुणी सांगितली, तर तिच्यावर आयुष्याचा हिशोब मांडू नका.

५. वर्षांचा हिशोब कागदावर मांडा

बारावी १८ व्या वर्षी, पदवी २२ च्या आसपास. समजा दोन वर्षं नोकरी आणि नीट: २४. एमबीबीएस साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप: साडेएकोणतीस. सरकारी कॉलेज असेल तर वर्षभर बंधपत्राची सेवा: साडेतीस. मग पीजीची प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांचं एमडी. चौतिशी आली.

वयाची वरची अट आता नाही. ती काढल्याचं २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कळवलं. किती वेळा परीक्षा द्यावी यालाही मर्यादा नाही. म्हणून प्रश्न नियमांचा नसून घरचा आहे. घरी पगाराची गरज किती, लग्नाचं दडपण किती, कर्ज कुणाच्या नावावर निघणार, हे आई-वडिलांसमोर बसून आकड्यांत बोला. ‘बघू पुढे’ म्हणणारे पुढे बघतच राहतात. माझ्या मते नोकरी लागल्यापासून दोन वर्षांच्या आत निर्णय झाला पाहिजे. पगार वाढत जातो तसं सोडणं अवघड होतं.

आणि तुम्ही अजून बारावीतच असाल, नीटचे मार्क जरा कमी पडलेत म्हणून ‘आधी टेक्निशियन होते, मग बघते’ असा विचार असेल, तर स्पष्ट सांगते: भूलतज्ज्ञच व्हायचं असेल तर एक वर्ष थांबून नीट परत द्या. टेक्निशियनचा रस्ता लांबचा आहे. घरात पैसे यायलाच हवेत अशी परिस्थिती असेल, तर गोष्ट वेगळी.

६. ड्युटी सांभाळून नीट

१८० प्रश्न, ७२० मार्क, तीन तास. त्यातले ९० प्रश्न बायोलॉजीचे, म्हणजे निम्मे मार्क. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि आरक्षित वर्गांना ४० टक्के लागतात, ते आधी तपासा.

नोकरी निवडताना पगाराआधी लिस्ट बघा. ट्रॉमा सेंटरमध्ये रात्री अभ्यास होत नाही. डोळ्यांचं हॉस्पिटल किंवा ठरलेल्या वेळीच ऑपरेशन होणारं डे-केअर सेंटर असेल तर दुपारी चारनंतर वेळ तुमचा. सहकाऱ्यांशी रात्रपाळ्या बदलून घेता येतात, पण रविवार द्यावा लागतो. द्या.

बायोलॉजी एनसीईआरटीची, ओळ न् ओळ. इथे आपल्या अनुभवाचा एक विचित्र त्रास होतो: ओटीत जे रोज पाहिलंय ते डोक्यात असतं आणि पुस्तकात ते सोपं करून लिहिलेलं असतं. परीक्षेत पुस्तकातलंच बरोबर. खरी परीक्षा फिजिक्सची. बारावी होऊन पाच वर्षं झालेली असतात, लॉगरिदमसुद्धा विसरलेलं असतं. तयारीचा पहिला महिना नुसतं अकरावीचं गणित आणि मेकॅनिक्स करा. अभ्यासक्रम २०२४ पासून बदललाय, मोठ्या भावंडांच्या जुन्या नोट्सवर विसंबू नका.

पेपर मराठीतूनही मिळतो, पण माध्यम फॉर्म भरतानाच निवडावं लागतं आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न प्रमाण धरतात. दोन्ही वाचायची सवय ठेवा.

७. परदेशाचं बोलायचं तर

‘अमेरिकेत टेक्निशियनचा ॲनेस्थेटिस्ट होतो’ हे अर्धवट खरं आहे. तिथे डॉक्टर नसलेले दोन लोक भूल देतात. एक सीआरएनए, म्हणजे नर्स. त्यासाठी नर्सिंगची पदवी, तिथलं लायसन्स, आयसीयूचा किमान एक वर्षाचा अनुभव आणि मग डॉक्टरेट पातळीचा कोर्स. टेक्निशियनच्या पदवीवर हे होत नाही. तेच ध्येय असेल तर बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंग करा. दुसरे सीएए, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करणारे असिस्टंट. १९६९ पासून चालत आलेला हा पेशा आहे, मास्टर्स पदवीचा, दोन-सव्वादोन वर्षांचा. प्रवेशाला पदवी, ठरावीक सायन्सचे विषय आणि एमकॅट किंवा जीआरई ही प्रवेश परीक्षा लागते. सगळ्या राज्यांत त्यांना परवानगी नाही. शिवाय आपली तीन वर्षांची पदवी तिथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरतीलच असं नाही, म्हणून आधी पदवीचं मूल्यांकन करून घ्या, मग एजंटशी बोला.

ब्रिटनमध्ये ॲनेस्थेशिया असोसिएट हे भूलतज्ज्ञाच्या हाताखालचं, डॉक्टर नसलेल्यांचं पद डिसेंबर २०२४ पासून तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या कक्षेत आलं, पण त्यांच्या कामाच्या मर्यादेवरून मोठा वाद झालाय. आपल्या लोकांना तिथे जास्त जवळची वाट ओडीपीची (ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर, म्हणजे ओटीतला प्रशिक्षित सहायक) आहे. त्यासाठी एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७, कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नाही. आखातात टेक्निशियन म्हणूनच जाता येतं: डेटाफ्लो कंपनीची कागद-पडताळणी आणि प्रोमेट्रिक ही संगणकावरची लायसन्स परीक्षा. तिथे डिप्लोमा आणि पदवी यांचा दर्जा वेगळा धरतात, पगारही.

राहता राहिलं परदेशातलं एमबीबीएस. नीट त्यालाही लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी. परत आल्यावर एफएमजीई ही पात्रता परीक्षा: ३०० पैकी १५० मार्क. एजंटांच्या सेमिनारमध्ये हे सगळं पटकन उरकतात.

८. एमबीबीएस मिळाल्यावर

थोडक्यात सांगते, कारण तिथे पोचलात की सांगणारे भरपूर भेटतात. पहिल्या वर्षी ‘मी टेक्निशियन होते’ हे उगाच मिरवू नका. ॲनाटॉमीत त्याचा काही उपयोग नसतो. इंटर्नशिपमध्ये ओटीची पोस्टिंग आली की आपोआप कळतं सगळ्यांना. पुढे नीट पीजी, मग एमडी किंवा डीएनबी तीन वर्षं, डीए दोन वर्षं. डीएच्या जागा बऱ्याच ठिकाणी एमडीत बदलल्या आहेत, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. रेडिओलॉजी किंवा मेडिसिनच्या मानाने भूलशास्त्राची जागा मागच्या रँकला मिळते, ही आपल्यासाठी चांगली बातमी.

९. कागदपत्रं, आजपासूनच

– दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि बोर्ड सर्टिफिकेट. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून लागतात. बेळगाव किंवा गोव्यातून बारावी केलेल्यांनी माहितीपुस्तिकेतले अपवाद नीट वाचावेत
– वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला
– जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेला महिने लागतात, नीटच्या निकालाची वाट बघू नका
– नॉन-क्रीमी लेअर, मुदत ३१ मार्चला संपते ती तपासून
– मधल्या वर्षांचं गॅप ॲफिडेव्हिट आणि असेल तर अनुभवपत्र
– शाळा सोडल्याचा दाखला. बीपीएमटीच्या कॉलेजने ठेवून घेतला असेल तर तिथून पदवीनंतरचा दाखला घ्या
– वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, ठरलेल्या नमुन्यातच
– नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, फॉर्मला लावलेल्या त्याच फोटोच्या आठ-दहा प्रती

काही खासगी हॉस्पिटलं नोकरीवर घेताना मूळ मार्कशीट ‘ठेव’ म्हणून मागतात. देऊ नका, झेरॉक्स स्वतः सही करून द्या. सीट लागल्यावर कॉलेजात हजर व्हायला मोजकेच दिवस असतात आणि तिथे ओरिजिनलच लागतात. आधीच दिली असतील तर नोटीस पिरियड पूर्ण करून ती परत घ्यायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. परीक्षा मेमध्ये असते, आणि तेव्हा एचआरच्या दाराशी चकरा मारायला वेळ नसतो.